पहिल्या वर्षाची मुले वॉर्डात येतात तेव्हा : वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना खुले पत्र

सन्माननीय अधिष्ठाता महोदय आणि महोदया,

महाराष्ट्रातील शासकीय, महापालिकेच्या आणि खासगी अशा सर्व वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना हे पत्र लिहीत आहे. विषय एकच आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी निरीक्षणासाठी रुग्णालयात येतात, तेव्हा त्यांच्यासोबत कोण असते आणि ती व्यक्ती तिथे नेमके काय करते? पत्र खुले ठेवले आहे, कारण हा प्रश्न तुमच्या-आमच्यातला खात्याचा प्रश्न नाही. ज्या खाटांभोवती ही मुले उभी राहतात, त्या खाटांवर या पत्राचे वाचक किंवा त्यांचे आईवडील कधी ना कधी असणार आहेत.

२०१९ पर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा रुग्णाशी जवळपास संबंधच येत नसे. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री संपवायची, परीक्षा द्यायची आणि मगच दुसऱ्या वर्षी गळ्यात स्टेथोस्कोप घालून वॉर्डात शिरायचे, अशी रीत होती. २०१९ साली क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि पहिल्याच वर्षी रुग्णाची ओळख व्हावी म्हणून ९० तास राखून ठेवले गेले, तिन्ही विषयांना ३०-३०. पुढे तासांचे आकडे बदलले, कल्पना कायम राहिली. वर्गात शिकलेले शास्त्र माणसाच्या शरीरात कसे दिसते ते कळावे, आजारी माणसाचा अनुभव कळावा, आजारामागचे घर आणि समाज दिसावा आणि वागण्याची रीत पहिल्या दिवसापासून अंगी बाणावी, हे तिचे हेतू आहेत. मी या कल्पनेच्या मनापासून बाजूने आहे. म्हणूनच तिची आज जी अवस्था होते आहे, ती पाहवत नाही.

दृश्य बहुतेकांच्या ओळखीचे आहे. सकाळचा राउंड संपत आलेला असतो. पन्नासेक मुले-मुली, नवे कोरे ॲप्रन, दारातच घोळका. सोबत आलेल्या ट्यूटरना वॉर्डातले कोणी ओळखत नाही. वॉर्डातल्या रेसिडेंटला कुणी आधी कळवलेले नसते आणि रात्रभराच्या ड्युटीनंतर त्याचे डोळे मिटत असतात. तो समोर दिसेल त्या खाटेशी थांबतो, रुग्णाच्या पोटावरची चादर बाजूला करतो आणि सांगतो, ‘हे ॲसायटिस. लिव्हरची केस आहे.’ पुढच्या रांगेतल्या सात-आठ जणांना दिसते, मागच्यांना फक्त पाठी दिसतात. कोणी मोबाइल चाळते. रुग्ण छताकडे बघत पडलेला असतो. त्याचे नाव कोणी विचारलेले नसते. वीस मिनिटांत सगळे बाहेर, लॉगबुकावर सह्या आणि तास भरला.

या वीस मिनिटांत विद्यार्थी काही शिकला नाही असे म्हणणे चूक ठरेल. तो पुष्कळ शिकला. परवानगी न घेता चादर ओढता येते, हे शिकला. रुग्णाला ‘केस’ म्हणतात, हे शिकला. माणसासमोर त्याच्याविषयी असे बोलायचे जणू तो तिथे नाहीच, हेही शिकला. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला वॉर्डातली पहिली गोष्ट जशी दिसते, तशीच ती असते असे त्याला वाटते. पुढे तिसऱ्या वर्षी संवादकौशल्यावर कितीही व्याख्याने दिली, तरी हा पहिला धडा पुसला जात नाही.

याउलट ॲनाटॉमीच्या डिसेक्शन हॉलमध्ये आपण काय करतो ते आठवून पाहा. तिथे पहिल्या दिवशी मुलांना उभे करून शपथ दिली जाते. देहदान करणाऱ्याचे आणि त्याच्या कुटुंबाचे ऋण सांगितले जाते. अनेक ठिकाणी टेबलावर फुले वाहिली जातात. वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांच्यासाठी जो अभ्यासक्रम नेमला आहे, त्यात पहिल्याच वर्षी ‘शव : आपला पहिला शिक्षक’ असा स्वतंत्र पाठ आहे. शवाचे फोटो काढायचे नाहीत, त्यावरून थट्टा करायची नाही, झाकलेले अकारण उघडायचे नाही, हे आपण कडकपणे पाळायला लावतो. ही आपल्या महाविद्यालयांतली उत्तम परंपरा आहे. मग तोच विद्यार्थी जिवंत माणसापुढे पहिल्यांदा जातो, तेव्हा ही सारी तयारी कुठे जाते? ज्याला लाज वाटते, भीती वाटते, ज्याला आपले बोलणे ऐकू येते, त्याच्यासाठी आपण एवढेही का करत नाही? त्याच अभ्यासक्रमात ‘रुग्ण असणे म्हणजे काय’ हाही पाठ आहे. तो बहुतेक वेळा लेक्चर हॉलमध्ये, पडद्यावरच्या स्लाइडवर शिकवला जातो, आणि रुग्ण दोन इमारती पलीकडे असतो.

आता चांगली भेट कशी होते तेही सांगतो, कारण ती होऊ शकते हे मी पाहिले आहे आणि घेतलीही आहे. गट आठ जणांचा. मेडिसिनचा स्त्रियांचा वॉर्ड. खाटेवर ऊसतोड करणारी, पस्तिशीतली बाई. हिमोग्लोबिन ५.२. या मुलांनी आठवडाभरापूर्वीच फिजिओलॉजीच्या प्रॅक्टिकलला स्वतःच्या बोटाला टोचून साहलीच्या नळीत स्वतःचे हिमोग्लोबिन मोजले होते. कुणाचे १२, कुणाचे १४. वॉर्डाबाहेरच त्यांना एवढेच सांगितले होते : ‘तुमच्यापेक्षा निम्म्याहून कमी रक्तावर ही बाई कालपर्यंत काम करत होती. तिच्या शरीराने ते कसे निभावले, याच्या खुणा शोधा. दहा मिनिटे कोणी काही विचारायचे नाही. फक्त बघायचे.’

मुले बघू लागली. पहिली दोन मिनिटे अवघडलेपणात गेली. मग एकाला मानेतली धडधड दिसली. एकीने घड्याळ लावून श्वास मोजले. कोणाला चमच्यासारखी खोलगट झालेली नखे दिसली, कोणाला पांढरी पडलेली जीभ. कार्डियाक आउटपुटचे जे सूत्र पाठ केले होते, ते समोर मानेत उडत होते. आणि मागे उभ्या असलेल्या एका मुलीने वहीत लिहिले, की रुग्णालयाच्या जेवणातले अंडे आणि एक पोळी बाईने पदराआड बाजूला ठेवली आहे, खाटेखाली बसलेल्या लेकीसाठी. नंतरच्या चर्चेत आम्ही सर्वांत जास्त वेळ त्या अंड्यावर बोललो. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, तरी त्या पोटात का जात नाहीत, शौचाला काळे होते म्हणून बायका त्या मधेच का सोडतात, घरात शेवटी कोण जेवते, हे सगळे त्यातून निघाले. ती मुलगी हुशार होतीच. पण तिला ते दिसले, कारण तिला बघायला वेळ दिला होता, जागा दिली होती आणि काय शोधायचे ते सांगितले होते.

निरीक्षण हे आपोआप होणारे काम नाही, ते शिकवावे लागते. नवख्याच्या डोळ्यांपुढे वॉर्डात एकदम शंभर गोष्टी येतात : सलाईनच्या बाटल्या, वास, कण्हणे, सिस्टरांची धावपळ, नातेवाइकांची गर्दी. त्यातले काय पाहायचे हे सांगणारे कोणी नसेल, तर मूल काहीच पाहत नाही किंवा फक्त घाबरते. म्हणून प्रत्येक भेटीला एक आणि एकच काम द्यावे. दम्याचा किंवा सीओपीडीचा रुग्ण पुढे वाकून, हात टेकून का बसला आहे? अर्धांगवायू झालेल्या आजोबांचा कोणता हात, कोणता पाय आणि चेहऱ्याची कोणती बाजू? मग मेंदूच्या कोणत्या बाजूला इजा असेल? सिस्टर ड्युटी बदलताना दुसऱ्या सिस्टरला काय काय सांगतात? मावशी आणि मामा रुग्णाला कसे वळवतात, कसे उचलतात? डॉक्टरच नव्हे, तर रुग्णालय चालवणारी सगळी माणसे या मुलांना पहिल्या वर्षी दिसायला हवीत.

यानंतर रुग्णाच्या संमतीचा मुद्दा येतो. माझ्या दृष्टीने तो सर्वांत वरचा आहे. आपल्या शिक्षण-रुग्णालयांत येणारे बहुतेक लोक गरीब असतात. उपचार फुकट किंवा नाममात्र दरात मिळतात, तेव्हा ‘नको’ म्हणायला तोंड उघडत नाही. डॉक्टर रागावतील, लक्ष देणार नाहीत, सुटी लवकर देतील, अशी भीती असते. म्हणून संमती विद्यार्थ्यांच्या देखत मागू नये. गट येण्याआधी शिक्षकाने एकट्याने जावे, बसावे आणि सांगावे : ‘ताई, ही मुलं डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहेत. त्यांना अजून औषधपाणी येत नाही. तुमच्याजवळ थोडा वेळ उभं राहून शिकू द्याल का? नको वाटत असेल तर बिनधास्त नाही म्हणा. तुमच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही.’ आणि कोणी नाही म्हटले, तर दुसऱ्या खाटेशी जावे, कपाळावर आठी न घालता. विद्यार्थ्यांनाही ते कळू द्यावे. रुग्ण नाही म्हणू शकतो आणि डॉक्टर ते ऐकतो, हे पाहणे हा त्या दिवसाचा सर्वांत मोठा धडा ठरू शकतो.

स्त्रियांच्या वॉर्डात, प्रसूतिगृहात, जळीत विभागात आणि मनोविकार विभागात ही काळजी दुप्पट हवी. प्रसूतीच्या टेबलावरच्या बाईला त्या क्षणी खरी संमती देता येत नाही. तिला आधी विचारलेले नसेल, तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तिथे नेऊच नये. शिकण्याची घाई एवढी नाही. त्यांच्यापुढे साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षाची इंटर्नशिप आहे.

मुलांनी काय करायचे नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. पांढरा ॲप्रन घातला, की रुग्णाच्या लेखी तो डॉक्टर. राउंड पुढे गेला, की मागे रेंगाळलेल्या मुलाला हमखास विचारले जाते, ‘डॉक्टर, माझा रिपोर्ट कसा आलाय? गाठ साधी आहे ना?’ मुलाला बरे वाटते, ओशाळल्यासारखेही होते आणि तो काहीतरी बोलून जातो. त्या ‘काहीतरी’वर एखादे कुटुंब रात्रभर जागते. म्हणून वॉर्डात शिरण्याआधी त्याच्याकडून एक वाक्य म्हणवून घ्यावे : ‘मावशी, मी अजून शिकतोय. मॅडमना लगेच सांगतो, त्या येऊन नीट सांगतील.’ आणि मॅडमनी खरोखर यावे. ॲप्रनवर ‘विद्यार्थी, प्रथम वर्ष’ असे मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेला बिल्ला असावा. राज्याबाहेरून, अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या मुलांना हे वाक्य मराठीतून बोलता आले पाहिजे. फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेसाठी वेळ ठेवला आहे, तो अशाच वाक्यांसाठी वापरावा. गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, खानदेशात अहिराणी बोलणारी माणसे येतात. तिथल्या मुलांना निदान नाव, गाव आणि ‘दुखतंय का’ एवढे त्या भाषेत विचारता आले, तरी खाटेवरच्या माणसाचा चेहरा बदलतो.

सुरक्षेचा भागही देखरेखीतच येतो. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यायचे असतात. म्हणजे प्रवेशानंतरच्या पहिल्या भेटींच्या वेळी बहुतेकांचे डोस पुरे झालेले नसतात. सुया, ड्रेसिंग, रक्ताचे नमुने यांच्या आसपास त्यांना फिरकू देऊ नये. क्षयरोगाच्या रुग्णांजवळ नेताना योग्य मास्क हवा. वॉर्डात शिरताना आणि निघताना हात धुणे शिक्षकाने स्वतः करून दाखवावे. मुले बोलण्यापेक्षा करण्याचे अनुकरण करतात. मोबाइल बाहेर ठेवायला सांगावे. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरचे गैरवर्तन ठरते. समाजमाध्यमांच्या काळात हा नियम पहिल्या वर्षीच रुजायला हवा.

आणि चक्कर. दर बॅचमध्ये कोणी ना कोणी पहिले ड्रेसिंग किंवा पहिले रक्त पाहून खाली बसते. सकाळी काही न खाता आलेली, उकाड्यात मास्क लावून अर्धा तास उभी असलेली मुले पडतात, यात भित्रेपणा काही नाही. ‘खाऊन या, गुडघे ताठ ठेवू नका, गरगरले तर सांगून बाहेर जाऊन बसा, कोणी हसणार नाही’ एवढे आधी सांगितले, तर पुष्कळ त्रास वाचतो. जो पडेल त्याच्याशी नंतर एकट्याने बोलावे. ‘मला हे जमणारच नाही’ असे मनात घेऊन तो वसतिगृहावर गेला, तर ते ओझे वर्षभर वाहत राहतो.

भेटीनंतरची चर्चा तर बहुतेक ठिकाणी होतच नाही, आणि माझ्या मते ती भेटीइतकीच मोलाची आहे. वॉर्डाबाहेर, एखाद्या रिकाम्या खोलीत, अर्धा तास गोल बसावे. तीन प्रश्न पुरतात : काय दिसले? काय कळले नाही? काय खटकले? तिसऱ्या प्रश्नाला सुरुवातीला शांतता असते. मग कोणी सांगते, की शेजारच्या खाटेवरच्या आजींना पाणी हवे होते आणि कोणी दिले नाही. कोणी सांगते, की एका सरांनी नातेवाइकाला सगळ्यांसमोर झापले. कुणाच्या घरी नुकतेच कोणी वारलेले असते आणि तेच यंत्र, तोच आवाज पुन्हा ऐकून त्याचे डोळे भरलेले असतात. या मुलांना अजून वॉर्डाची सवय झालेली नसते, म्हणून आपल्याला दिसेनाशा झालेल्या गोष्टी त्यांना दिसतात. त्या त्यांनी बोलून दाखवाव्यात आणि शिक्षकाने त्या उडवून लावू नयेत. लॉगबुकात सहीसोबत या चर्चेतल्या चार ओळी विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहाव्यात, म्हणजे लॉगबुक हजेरीपटापेक्षा वेगळे होईल.

आपण म्हणाल, हे सगळे ठीक, पण माणसे कुठून आणायची? प्रश्न रास्त आहे. अनेक महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, ओपीडीची रांग संपत नाही आणि रेसिडेंट आधीच दबलेले आहेत. म्हणून हिशेबच मांडतो. बॅच २०० जणांची धरा. आठ जणांचा एक गट केला, तर २५ गट होतात. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग आणि अस्थिरोग या पाच विभागांत रोज एकेक गट गेला, तर पाच दिवसांत सगळ्या वर्गाची एक फेरी पूर्ण होते. प्रत्येक विभागातला एक अध्यापक दिवसाला दीड तास मोकळा हवा, फक्त भेटींच्या आठवड्यात. सोबत ॲनाटॉमी, फिजिओलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीचा शिक्षक असावा. वर्गातला धागा वॉर्डात जोडून देणारा तोच असतो. तास कमी पडत असतील, तर भेटी कमी करा, पण अशा करा. माझ्या मते घोळक्याने केलेल्या दहा भेटींपेक्षा नीट केलेल्या तीन भेटी मुलांना जास्त देतील. आणि ही जबाबदारी रात्रपाळी करून थकलेल्या रेसिडेंटवर ढकलू नये. ज्याला शिकवायचे त्याचा वेळ वेळापत्रकात लिहिलेला असावा आणि तो अध्यापनाचा तास म्हणून मोजला जावा.

हे स्वप्नरंजन नाही, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नवे विद्यार्थी आधी आश्रमात राहतात आणि पहिल्याच वर्षी दत्तक घेतलेल्या खेड्यात मुक्कामाला जातात, घरोघरी जाऊन कुटुंबे समजून घेतात. अभ्यासक्रमात शब्द येण्याच्या कितीतरी आधी तिथे हे चालत होते, कारण संस्थेने ते आपले काम मानले होते. आता कुटुंब दत्तक कार्यक्रम सर्वच महाविद्यालयांत आला आहे. कुणाच्या उंबऱ्यापाशी उभे राहणाऱ्या त्या मुलांनाही हेच सारे लागू आहे : लहान गट, सोबत शिक्षक, आधी परवानगी, नंतर चर्चा.

नव्या महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना मला विशेष विनंती करायची आहे. २०२४ मध्ये गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, जालना अशा दहा ठिकाणी शासकीय महाविद्यालये सुरू झाली. तिथल्या रुग्णांना खाटेभोवती विद्यार्थी असण्याची सवय नाही, आणि तिथल्या वॉर्डांत वाईट पायंडेही अजून पडलेले नाहीत. पहिल्या दोन-तीन बॅचना जे दिसेल, तीच पुढे तिथली परंपरा होईल. ती घडवण्याची ही संधी पुन्हा येणार नाही.

माझे मागणे थोडक्यात असे. येत्या शैक्षणिक वर्षी पहिली बॅच वॉर्डात शिरण्याआधी आपल्या सहीचे एक पानी परिपत्रक प्रत्येक विभागात लागावे. गट आठपेक्षा मोठा नसेल. प्रत्येक गटामागे जबाबदार अध्यापकाचे नाव लिहिलेले असेल. रुग्णाची संमती आधी आणि एकांतात घेतली जाईल. विद्यार्थी स्पर्श, सल्ला आणि छायाचित्रण करणार नाहीत. नाडी पाहायची, तर रुग्णाच्या होकाराने आणि शिक्षक शेजारी असतानाच. भेटीनंतर अर्धा तास चर्चा होईल. आणि निघताना प्रत्येक विद्यार्थी रुग्णाचे नाव घेऊन आभार मानेल. यासाठी नवा निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही, दिल्लीहून परवानगी लागत नाही. ती सही आपण कराल आणि पहिल्या आठवड्यात एका तरी गटासोबत स्वतः वॉर्डात याल, अशी मी आपल्याला विनंती करतो.

आपला,
वैद्यकीय महाविद्यालयातील मेडिसिनचा एक अध्यापक